अमेरिकेच्या निवडणुकीचा अंदाज व आपली पैसेवारी

दूरच्या अमेरिकेंत अध्यक्ष कोण होणार याच्याशीं आपणांस काय कर्तव्य, असें पूर्वीं म्हणतां येत असे. आतां तसें राहिलें नाहीं. सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील सरकारनें आपल्या पुष्कळ जिनसांवर शेंकडा ५० जकात बसविली, आणि त्याच महिन्यांत आपल्या सरकारनें बाहेरून येणाऱ्या कापसावरील शेंकडा ११ जकात तात्पुरती उठविली. तेव्हां कपाशी पेरणाऱ्यानें त्या निवडणुकीची चौकशी केल्यास त्यांत नवल नाहीं. पुढील निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजीं आहे. ती जवळ येईल तसतसे अंदाजांचे आंकडे रोज कानांवर पडतील. ते कसे काढले जातात व त्यांवर विश्वास किती ठेवावा, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम तेथील मोजणीची रीत समजून घ्यावी. अध्यक्ष देशांतील एकूण मतांवर निवडला जात नाहीं. ५० राज्यें व राजधानीचा प्रदेश मिळून ५३८ निर्वाचक असतात. त्यांपैकीं २७० ज्याचे, तो अध्यक्ष. कॅलिफोर्नियाचे ५४, टेक्ससचे ४०, तर अगदीं लहान राज्याचे ३. मेन व नेब्रास्का हीं दोन राज्यें वगळतां, ज्यास राज्यांत सर्वांत अधिक मतें पडतात त्यास तेथील सर्व निर्वाचक मिळतात. यामुळें २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांस देशभर सुमारें २८ लक्ष मतें अधिक पडूनही डोनाल्ड ट्रंप अध्यक्ष झाले. कारण विस्कॉन्सिन, मिशिगन व पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ८० हजारांहून कमी मतांच्या आघाडीनें ४६ निर्वाचक त्यांच्या पदरीं पडले. सन २००० सालीं तर फ्लोरिडांतील अवघ्या ५३७ मतांवर सर्व निकाल लटकला होता. म्हणून देशभरचा एकच आंकडा सांगून जो भविष्य वर्तवितो, त्यानें अर्धेंच काम केलें असें समजावें.

आतां अंदाज कसे चुकतात तें पाहूं. ‘लिटररी डायजेस्ट’ नांवाच्या साप्ताहिकाचा अंदाज १९१६ पासून १९३२ पर्यंत पांच निवडणुकांत खरा ठरला होता. सन १९३६ सालीं त्यानें सुमारें १ कोटि लोकांस मतचिठ्ठ्या धाडल्या; २३ लक्षांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन हे शेंकडा ५७ मतांनीं निवडून येतील असें त्यानें छापलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांस शेंकडा ६० हून अधिक मतें पडलीं, आणि ४८ राज्यांपैकीं ४६ त्यांचीं झालीं. चूक कोठें झाली? पत्ते टेलिफोनच्या याद्यांतून व मोटारगाड्यांच्या नोंदींतून घेतले होते. मंदीच्या त्या दिवसांत ज्याच्या घरीं टेलिफोन वा मोटार, तो बहुधा सुस्थितींतला. शिवाय चिठ्ठी परत धाडण्याची तसदी सर्वांनीं सारखी घेतली नाहीं. त्याच वेळीं जॉर्ज गॅलप यांनीं फारच थोड्या लोकांस विचारून रूझवेल्ट जिंकतील हें सांगितलें. तात्पर्य, संख्या मोठी म्हणजे अंदाज खरा असें नव्हे.

हें वाचतांना मला माझ्या नोकरींतील एक साल आठवतें. खरिपाची नजर पैसेवारी ठरवावयाची होती. पाहणीची मंडळी जीपगाडींतून सडकेनें गेली. सडकेलगतच्या शेतांस कालव्याचें पाणी, पीक हिरवेंगार. बाजरीचीं माळरानें दोन कोस आंत. तेथें कणसांत दाणा भरला नव्हता. गांवची पैसेवारी ५४ धरली गेली. ती ५० पैशांच्या आंत आली असती तर महसुलांत सूट, विजेच्या देयकांत सवलत व मुलांच्या परीक्षा-शुल्काची माफी मिळण्यास वाट होती. तक्ता माझ्या हस्ताक्षरांत वर गेला. कांहीं दिवसांनीं एक वृद्ध खातेदार कचेरींत आले आणि शांतपणें म्हणाले, “भाऊसाहेब, सडकेवरनं आमचं शिवार दिसत न्हाई.” त्यांस देण्याजोगें उत्तर मजपाशीं नव्हतें. सुधारित व अंतिम पैसेवारींतही तोच आंकडा कायम झाला. कारण पुन्हा आंत कोणीच गेलें नाहीं. मींही तशी टिपणी लिहिली नाहीं. डायजेस्टनें केलें तें याहून निराळें नव्हे.

दुसरें उदाहरण १९४८ सालचें, आणि त्यांत शेतकरीच मुख्य आहे. ट्रूमन हरणार व ड्यूई जिंकणार, असें सर्व नामांकित अंदाजकर्ते सांगत होते. विचारणारास अमुक इतके पुरुष, अमुक इतक्या स्त्रिया, असा वांटा ठरवून दिलेला असे. परंतु माणूस निवडणें त्याच्या मर्जीवर होतें. साहजिकच सोयीचीं माणसें गांठलीं गेलीं. त्यांतही रोपर यांनीं सप्टेंबरांतच नियमित विचारपूस थांबविली, आणि गॅलप यांनीं ऑक्टोबर संपण्यापूर्वींच. म्हणजे नजर पैसेवारी हीच अंतिम धरली. इकडे त्या शरदांत मक्याचे भाव कोसळले, आणि सरकारी आधारभावाच्या कर्जासाठीं लागणाऱ्या कोठारांची वाण पडली. नव्या कायद्यानें सरकारचा कोठारें उभारण्याचा हात आंखडला होता. १८ सप्टेंबर रोजीं आयोवांतील डेक्स्टर येथें नांगरणीच्या चढाओढींस जमलेल्या प्रचंड समुदायापुढें ट्रूमन यांनीं याचा सर्व दोष विरोधी पक्षाच्या कायदेमंडळावर ठेवला. कॅन्सस सिटींतील कोंबड्यांचें खाद्य विकणाऱ्या एका कंपनीनें गाढव व हत्ती, या दोन पक्षांच्या चिन्हांचीं पोतीं काढून कोणतीं अधिक खपतात तें मोजलें. गाढवाचीं, म्हणजे ट्रूमन यांच्या पक्षाचीं, पोतीं पुढें गेलीं. जाणत्यांच्या म्हणण्याशीं हें जुळेना, म्हणून कंपनीनें मोजणीच बंद केली!

निकाल काय लागला? ओहायो, आयोवा व विस्कॉन्सिन हीं राज्यें १९४४ सालीं ड्यूई यांजकडे होतीं. तीं आतां ट्रूमन यांजकडे आलीं. त्यांचे निर्वाचक २५, १० व १२, मिळून ४७. ट्रूमन यांस एकंदर ३०३ मिळाले. बहुमतास २६६ लागत. ४७ वजा केल्यास २५६ च उरतात. ज्यांस कोणी नीट विचारलें नाहीं, त्यांच्या राज्यांनींच पारडें फिरविलें. शिकागोच्या एका मोठ्या दैनिकानें मात्र ड्यूई जिंकल्याचा मथळा छापून टाकला होता.

यावर उपाय आपणांस अपरिचित नाहीं. तो म्हणजे पीक-कापणी प्रयोग. त्यांत शेत व शेतांतील तुकडा चिठ्ठीच्या न्यायानें ठरतो. पीक चांगलें कीं वाईट हें पाहून निवडण्याचा अधिकार कापणारास नसतो. तेवढा तुकडा कापून, मळून, वजन करतात. या पद्धतीस शास्त्रीय बैठक देण्यांत साताऱ्याकडील पां. वा. सुखात्मे यांचा वांटा मोठा आहे. याच न्यायानें निवडलेल्या हजार माणसांवरून साऱ्या देशाचा कल सुमारें शेंकडा ३ च्या फरकानें कळतो. अडचण अशी कीं, हल्लीं पुष्कळ लोक उत्तरच देत नाहींत. २०१६ सालीं कित्येक राज्यांतील चांचण्यांत अधिक शिकलेल्यांचीं उत्तरें प्रमाणाबाहेर आलीं, आणि तो तोल सावरला गेला नाहीं.

म्हणून अंदाज कानीं आला कीं चार प्रश्न विचारावेत. कोणास विचारलें, आणि ते कसे निवडले? किती जणांनीं उत्तर दिलें नाहीं? केव्हां विचारलें? कोणत्या राज्यांत विचारलें? २०२४ सालीं दोन्ही उमेदवारांच्या मतांत देशभर सुमारें शेंकडा दीडचेंच अंतर होतें, तरी चुरशीचीं सातही राज्यें एकीकडे गेल्यामुळें निर्वाचक ३१२ विरुद्ध २२६ झाले. शेंकडा ३ ची चूक ज्यांत संभवते, त्या मापानें शेंकडा दीडचें अंतर सांगतां येत नाहीं. २०२८ चा विजयी कोण हें मी आज सांगत नाहीं. तें आज छातीठोकपणें सांगणारास वरील प्रश्न विचारावेत, इतकेंच सुचवितों.

आणि एक विनंति. आपल्या गांवची पैसेवारी ठरावयाची असेल त्या दिवशीं घरीं बसूं नका. येणाऱ्या मंडळींस नम्रपणें सडकेवरून खालीं उतरवा, आणि आंतल्या रानांत घेऊन जा. अमेरिकेचा अंदाज चुकला तर चार पंडितांची फजिती होते. येथील अंदाज चुकला तर साऱ्या गांवाची सूट जाते.