किंग स्ट्रीटवरचे टायटन्स

अमेरिकेच्या राजधानीतून पोटोमॅक नदी ओलांडून दक्षिणेला आलं की व्हर्जिनिया राज्यातलं अलेक्झांड्रिया लागतं. किंग स्ट्रीट हा या शहराचा हमरस्ता. नदीच्या धक्क्यापासून निघून तो जुन्या विटांच्या घरांमधून, दुकानं आणि उपाहारगृहांच्या गर्दीतून मेट्रो स्थानकापर्यंत येतो, टेकडीवरचं जॉर्ज वॉशिंग्टन यांचं उंच स्मारक मागे टाकतो आणि पश्चिमेकडच्या वस्तीत शिरतो. पर्यटक बहुधा स्मारक पाहून माघारी वळतात. १९७१ साली राज्य अजिंक्यपद जिंकलेल्या एका शालेय फुटबॉल संघाचं पुढे काय झालं, याची उत्सुकता असलेल्यांनी मात्र आणखी वर जावं. त्या संघाच्या कर्णधाराची कबर आणि त्या संघाची शाळा, दोन्ही याच रस्त्यावर आहेत.

हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यावर जाड गाद्या चढवून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन खेळ. छोट्या शहरांत शाळेचा संघ म्हणजे गावाची इभ्रत. टी. सी. विल्यम्स हायस्कूलच्या ‘टायटन्स’ संघावर डिस्नेने २००० साली ‘रिमेंबर द टायटन्स’ हा चित्रपट काढला. डेन्झेल वॉशिंग्टनने त्यात प्रशिक्षक हर्मन बून यांची भूमिका केली. पटकथाकार ग्रेगरी ॲलन हॉवर्ड अलेक्झांड्रियात राहायला आले होते, तेव्हा एका न्हाव्याच्या दुकानातल्या गप्पांत ही गोष्ट त्यांच्या कानावर पडली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचा एक संघ होतो, भांडतो, जुळतो आणि जिंकतो, एवढं चित्रपटामुळे जगाला कळलं. शहराचा आधीचा आणि संघाचा नंतरचा इतिहास मात्र पडद्यावर मावला नाही.

आधीचा इतिहास कडवट आहे. किंग स्ट्रीटला समांतर जाणाऱ्या ड्यूक स्ट्रीटवर १८२८ पासून फ्रँकलिन अँड आर्मफील्ड या पेढीचा गुलामांचा व्यापार चाले. हजारो माणसं इथून दक्षिणेच्या मळ्यांवर विकली गेली. त्या इमारतीत आज संग्रहालय आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये सॅम्युअल टकर या तरुण वकिलाच्या योजनेनुसार पाच कृष्णवर्णीय तरुण शहराच्या ग्रंथालयात गेले, सभासदत्व मागितलं आणि नकार मिळताच पुस्तक उघडून शांतपणे वाचत बसले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. शहराने उत्तर म्हणून काय केलं, तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळं ग्रंथालय बांधून दिलं.

शाळांचंही तेच. वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी त्याला उघड विरोध केला आणि अलेक्झांड्रियाचे शिक्षणप्रमुख थॉमस चॅम्ब्लिस विल्यम्स त्या विरोधात सामील झाले. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईने आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून खटल्यात नाव घातलं, तर या गृहस्थांनी तिची नोकरीच घालवली. अशा माणसाचं नाव १९६५ साली किंग स्ट्रीटवरच्या नव्या हायस्कूलला देण्यात आलं. त्या शाळेसाठी आसपासच्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जमिनी घेतल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी पार्कर-ग्रे हे कृष्णवर्णीयांचं स्वतःचं हायस्कूल बंद झालं.

म्हणजे गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एका छताखाली १९७१ मध्ये पहिल्यांदा आली, असं चित्रपट सुचवतो ते खरं नाही. विल्यम्स हायस्कूलमध्ये दोन्ही वर्णांची मुलं आधीपासून होती. १९७१ मध्ये वेगळीच गोष्ट घडली. शहरात तीन हायस्कुलं होती आणि त्यांतलं वर्णांचं प्रमाण फार विषम होतं. तेव्हा अकरावी-बारावीच्या साऱ्या विद्यार्थ्यांना एकट्या विल्यम्समध्ये आणायचं ठरलं. काल एकमेकांविरुद्ध खेळणारे तीन संघ एक झाले. एकेका जागेसाठी तीन-तीन दावेदार उभे राहिले. आदल्याच वर्षी एका दुकानाच्या गोऱ्या व्यवस्थापकाने एका कृष्णवर्णीय मुलाला गोळी घातल्यावर शहरात दंगल उसळली होती, ती कुणी विसरलं नव्हतं.

मुख्य प्रशिक्षकपद बिल योस्ट यांना मिळेल, असं अनेकांनी गृहीत धरलं होतं. ते गोरे, अनुभवी आणि हॅमंड हायस्कूलचे नावाजलेले प्रशिक्षक. पद मिळालं ते हर्मन बून यांना. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कृष्णवर्णीय शाळेत त्यांनी नऊ वर्षांत ९९ सामने जिंकून दिले होते. तिथल्या शाळा एकत्र झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक गावाला चालणार नाही, असं त्यांना ऐकावं लागलं होतं. योस्ट नाराज झाले, पण सहायक म्हणून थांबले आणि बचावाची फळी त्यांनी सांभाळली.

ऑगस्टमध्ये संघ पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग कॉलेजवर सरावाला गेला. बून यांनी बसमध्ये मुलांना वर्णाप्रमाणे बसू दिलं नाही. आक्रमणाचे एका बसमध्ये, बचावाचे दुसऱ्या. अमेरिकेच्या यादवी युद्धाची तिथली रणभूमी त्यांनी मुलांना दाखवली, पण मध्यरात्री धावत नेऊन दिलेलं ते प्रसिद्ध भाषण पटकथेतलं. चुरशीचे सामनेही बरेचसे पडद्यावरचेच. टायटन्सनी त्या मोसमातले तेराच्या तेरा सामने जिंकले आणि त्यांतले कित्येक एकतर्फी होते. ४ डिसेंबर १९७१ रोजी, सुमारे चारशे किलोमीटरवरच्या रोआनोकला झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी अँड्र्यू लुईस हायस्कूलला २७-० असं हरवलं. तो सामना झाला ते व्हिक्टरी स्टेडियम २००६ मध्ये पाडण्यात आलं.

आठवडाभराने, ११ डिसेंबरला, संघाच्या गौरवार्थ मेजवानी झाली. ती आटोपून निघालेल्या कर्णधार गेरी बर्टियरच्या गाडीला अपघात झाला आणि त्याच्या शरीराचा खालचा भाग कायमचा लुळा पडला. चित्रपटात हा अपघात अंतिम सामन्याआधी घडतो आणि मुलं जणू त्याच्यासाठी जिंकतात. प्रत्यक्षात तो स्वतः अंतिम सामन्यात खेळला होता. पुढची नऊ वर्षं तो चाकाच्या खुर्चीतून जगला आणि ती वर्षं रिकामी नव्हती. गोळाफेक आणि थाळीफेकीत त्याने खुर्चीवरच्या खेळाडूंच्या स्पर्धा गाजवल्या, अपंगांना सार्वजनिक जागी वावरता यावं म्हणून तो बोलत राहिला. मार्च १९८१ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसाने त्याच्या गाडीला धडक दिली आणि तो गेला. आयव्ही हिल दफनभूमीत त्याची कबर आहे. अग्निबाणांचे शास्त्रज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांचीही कबर तिथेच आहे.

बर्टियरचा जिवलग ज्युलियस कॅम्पबेल. सरावात एकमेकांना भिडलेले हे दोघे नंतर बर्टियरच्या मृत्यूपर्यंत मित्र राहिले. कॅम्पबेल फेरम ज्युनिअर कॉलेजकडून खेळला, पण दुखापतीने खेळ संपला. मग त्याने ॲनिमल कंट्रोलची, म्हणजे भटक्या जनावरांच्या बंदोबस्ताची नोकरी केली आणि चित्रपटानंतर शाळाशाळांत जाऊन व्याख्यानं दिली. चेंडू घेऊन धावणारा पीटी जोन्स शहराच्याच शिक्षण खात्यात नोकरीला लागला. चित्रपटातला लांब केसांचा ‘सनशाइन’, म्हणजे आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक रॉन बास, साउथ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळला. ‘७१ च्या टायटन्स’नी पुढे स्वतःची संस्था काढली आणि शाळेतल्या मुलांना शिष्यवृत्त्या देऊ लागले.

प्रशिक्षकांची वाट सरळ नव्हती. खेळाडूंना वाईट वागणूक दिल्याचे आरोप आणि सहकाऱ्यांची नाराजी यांमुळे १९७९ मध्ये बून यांना पद सोडावं लागलं. चित्रपटाने त्यांना पुन्हा व्यासपीठावर आणलं. योस्ट यांची फुटबॉलवेडी मुलगी चित्रपटात सर्वांना आवडते. ती चित्रपट येण्याआधीच, १९९६ मध्ये हृदयविकाराने गेली होती. मग २०१९ हे वर्ष आलं. जानेवारीत कॅम्पबेल, मे महिन्यात ९४ वर्षांचे योस्ट, जुलैत जोन्स आणि डिसेंबरात ८४ वर्षांचे बून. चित्रपटाने जगाला माहीत करून दिलेली चार माणसं एका वर्षात गेली.

त्यानंतर वर्षभरातच शहराला जुना प्रश्न पुन्हा विचारावा लागला. या मुलांच्या यशामुळे ज्याचं नाव जगभर पोचलं, तो विल्यम्स त्यांना एकत्र बसू द्यायला तयार नव्हता. नाव बदलण्याची मागणी जुनीच होती. पण ‘टी. सी.’ ही अद्याक्षरं आता विजयाची खूण झाली होती आणि अनेक माजी विद्यार्थ्यांना ती सुटेनात. नोव्हेंबर २०२० मध्ये शाळा मंडळाने एकमताने बदल मंजूर केला. १ जुलै २०२१ पासून ही शाळा अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल आहे. ‘टायटन्स’ मात्र राहिले.

शाळेची आजची इमारत २००७ सालची. व्यायामशाळेला बर्टियरचं नाव आहे आणि मैदानाला पार्कर-ग्रेचं, त्या बंद झालेल्या कृष्णवर्णीय शाळेचं. या मैदानावर रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे लावायला शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. शाळेसाठी जमिनी गेलेली कुटुंबंही त्यांत होती. शहराने दिवे न लावण्याचा शब्द दिला होता, असं त्यांचं म्हणणं. बाहेरून आलेल्या चाहत्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. ज्यांची घरं गेली त्यांच्या दृष्टीने मात्र टायटन्सची गोष्ट १९७१ च्या आधीच सुरू झाली होती.

उत्तर व्हर्जिनियात मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि नातलगांकडे आलेल्यांना अलेक्झांड्रिया दाखवलं जातंच. शाळेकडे जायचं तर किंग स्ट्रीट मेट्रो स्थानकावरून पश्चिमेला जाणारी शहर बस पकडावी, तिला तिकीट नाही. शाळा चालू असताना आत हिंडता येत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा फुटबॉलचा हंगाम, तेव्हा सामना बघायला जावं आणि आधी ड्यूक स्ट्रीटवरचं संग्रहालय पाहून घ्यावं. तेरा विजयांनी या शहराला एकत्र आणलं, हा चित्रपटाचा दावा. ज्या शाळेसाठी ती मुलं जिंकली तिच्यावरचं नाव उतरायला पुढे पन्नास वर्षं लागली, हा शहराचा हिशेब. संग्रहालय आधी पाहिलं, तर दोन्ही एकाच संघाच्या बाबतीत खरे का मानावे लागतात, ते मैदानावर कळतं.