नवा कॅमेरा घ्यावा कीं न घ्यावा ?

डिजिटल कॅमेऱ्याची नवी जाहिरात पाहतांच जुना कॅमेरा टाकाऊ वाटूं लागतो. परंतु वडिलांच्या श्रमाचा पैसा खर्चण्यापूर्वीं थोडें गणित करावें. कॅमेऱ्यांतील चित्र बिंदूंचें बनतें. दहा लक्ष बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. छपाईस दर इंचीं ३०० बिंदू पुरेसे होतात. अर्थात् ६ इंच लांब व ४ इंच रुंद छायाचित्रास १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारें २२ लक्ष बिंदू लागतात. बारा मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यांत याच्या पांचपटींहून अधिक असतात !

मग स्नेहसंमेलनांतील चित्रें पुसट कां येतात ? मंद प्रकाशांत शटर अधिक वेळ उघडें राहतें, आणि तेवढ्यांत नाचणारीं मुलें हलतात. हा दोष बिंदू वाढवून जात नाहीं. त्यास अधिक प्रकाश हवा. भिंगाचें छिद्र एफ ५·६ ऐवजीं एफ १·८ इतकें मोठें असल्यास सुमारें साडेनऊपट प्रकाश आंत येतो. जुन्या कॅमेऱ्यास असें भिंग बसत असेल, तर तेवढेंच घ्यावें. भिंग बदलण्याची सोयच नसेल, तर मात्र नवा कॅमेरा घेणें रास्त होय. आधीं दोष ओळखावा, मग पैशाची पिशवी सोडावी.