गोदाम आणि माग – हिशेब एकच हवा

आम्हा कापडवाल्यांचा माल कधीच एका जागी नसतो. सूत सायझिंगला, बीम मागावर, कोरे तागे रंगाईला, तयार माल गोदामात. मागाचा हिशेब संगणकात आणि गोदामाचा मुनीमजींच्या वहीत राहिला, तर विकलेलाच तागा पुन्हा विकला जातो.

टॅलीसारख्या प्रणालीत सायझिंगवाला, रंगाईवाला हेही वेगवेगळी गोदामे म्हणून मांडता येतात. चलनाची नोंद झाली की तागे इकडे वजा, तिकडे जमा.

यात कायद्याचीही बाब आहे. २०१७ च्या जीएसटीनुसार कर न भरता जॉबवर्कला दिलेला कच्चा माल साधारणपणे वर्षाच्या आत परत आला नाही, किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो, वर व्याजही.

म्हणून प्रत्येक लॉटला नंबर द्या आणि दर महिन्याला तागे मोजून ताळा करा. संगणक तागे मोजत नाही. आपण सांगू तेच लिहितो.