डॅशबोर्ड उघडण्याआधी

हळदीचा हंगाम आला की हिंगोलीकडे येणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर लागतात. ट्रॉलीत पोती, पोत्यांवर माणसं, आणि मागून ओलांडायला आतुर झालेली एखादी जीप. त्या जीपच्या ड्रायव्हरची मान बहुतेक वेळा एका बाजूला कललेली असते, कारण कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाईल दाबलेला असतो. संत नामदेव हळद मार्केटात आज काय भाव निघाला, हे त्याला आत्ताच कळायला हवं असतं. वसमतला अडत दुकानात माणूस वाट बघत असतो, घरून वेगळाच फोन येत असतो.

या माणसाला बेजबाबदार म्हणून मोकळं होता येईल, पण त्याने काही साधणार नाही. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत आणि हिंगोली हे तालुके एकमेकांपासून लांब आहेत. नांदेडहून रोज अपडाऊन करणारे शिक्षक आणि कर्मचारी आहेत, गावोगाव फिरणारे जनावरांचे डॉक्टर आहेत. दिवसाचा मोठा भाग गाडीत घालवणाऱ्या माणसाला ‘फोनच घेऊ नको’ असं सांगितलं तर तो मान हलवतो आणि पुढच्या वळणावर फोन घेतो. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. देशातलं मोबाईलवरचं पहिलं बोलणं, पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी केलेलं, ३१ जुलै १९९५ चं. जिल्हा आणि मोबाईल एकाच दशकातले, त्यामुळे जिल्ह्यातली नवी पिढी मोबाईलशिवायचा प्रवास ओळखतच नाही. म्हणून हँड्सफ्री किटचा विचार करायचा. ते काय करतं, कसं बसवायचं, आणि मुख्य म्हणजे कुठे अपुरं पडतं, हे माहीत असलेलं बरं.

गाडीत फोन ही कल्पना मोबाईलपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १७ जून १९४६ ला मोटारीतली टेलिफोन सेवा सुरू झाली. त्या यंत्राचं वजन ३६ किलोच्या आसपास होतं, ते डिकीत ठेवावं लागे. आपल्याकडे पोचलं ते नोकियाच्या काळातलं किट : डॅशबोर्डला भोक पाडून बसवलेला पाळणा, त्यात अडकवलेला फोन, वेगळा स्पीकर, काचेजवळ माइक. फोन वाजण्याच्या क्षणभर आधी स्टिरिओतून ‘टर्रर्र टर्रर्र’ यायचं, ते अनेकांना आठवत असेल. टूजी फोन सेकंदाला २१७ वेळा तुटक तुटक लहरी सोडायचा, ती थरथर स्पीकरच्या वायरी पकडायच्या. फोन बदलला की पाळणा निकामी, आणि डॅशबोर्डला पडलेलं भोक मात्र गाडी विकेपर्यंत तसंच.

ब्लूटूथ आलं आणि पाळण्याची गरज संपली. फोन खिशात असला तरी किटशी जोडला जातो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत ही दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात, म्हणून शेजारच्या गाडीतल्या फोनशी सहसा गोंधळ होत नाही. जुन्या किटमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, नव्या किटमध्ये १६,०००. ‘स’ आणि ‘श’, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक कळण्याचा प्रश्न इथे येतो. क्विंटलचा भाव फोनवर ठरवणाऱ्याने तरी किट घेताना एवढं विचारावंच.

बाजारात प्रकार बरेच आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचं एफएम यंत्र. ते फोनचा आवाज रेडिओ केंद्रासारखा सोडतं आणि स्टिरिओ तो पकडतो. जिथे आकाशवाणी नांदेड ऐकू येतं तिथे त्याच्या आसपासचा आकडा लावला की बातम्या आणि सासरे एकाच वेळी बोलू लागतात. दुसरा प्रकार सन-वायजरला चिमट्याने लावायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरचा. तो पुण्या-मुंबईच्या बेसमेंट पार्किंगसाठी ठीक. मराठवाड्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या घरात जाऊ शकतो, आणि लिथियमच्या बॅटरीला साठ अंशसुद्धा फार होतात. ती फुगते किंवा लवकर मरते. म्हणून आपल्या हवामानात गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारं, वायरिंगमध्ये पक्कं बसवलेलं किट किंवा ब्लूटूथवाला स्टिरिओच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा इंची अँड्रॉइड स्क्रीनचा सध्या फार बोलबाला आहे. ज्या वस्तूवर सिनेमा दिसतो ती वस्तू ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर ठेवायला मदत करील, हे मला पटलेलं नाही. दोन ठसठशीत बटणांचं किट, न बघता दाबता येणारं, केव्हाही बरं.

आता प्रत्यक्ष बसवण्याचं. मिस्त्रीकडे गाडी लावली की पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याचं, आणि काढल्यावर काही मिनिटं थांबण्याचं. एअरबॅगच्या सर्किटमध्ये वीज साठून राहते, ती उतरू द्यावी लागते. घाईतल्या गॅरेजात ही पायरी गाळली जाते. गाळणारा मिस्त्री असेल तर किल्ली परत मागून घ्यावी.

स्टिरिओभोवतीची प्लास्टिकची पट्टी पेचकसने उचकटू नये. उन्हात वाळलेलं प्लास्टिक कडक होतं आणि क्लिपा तुटतात. मग आयुष्यभर खडखड ऐकायची. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने हळूहळू सोडवावं. साध्या स्टिरिओचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटरचं, मोठ्याचं १८० बाय १००. हे जर्मन मोजमाप जगभर रुळलं, म्हणून एका कंपनीचा स्टिरिओ दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसतो. मागचं कपलर मात्र प्रत्येक कंपनीचं निराळं. त्या मॉडेलचं जुळणारं कपलर मिळतं, ते मध्ये लावावं आणि कंपनीच्या वायरी कापू देऊ नयेत. वायर कापली की गॅरंटीच्या वेळी कंपनी हात वर करायला मोकळी होते.

बाजारातल्या स्टिरिओत पिवळी वायर म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थ. किटला तिन्ही लागतात. लाल वायरही पिवळीला जोडून ‘चालतंय की’ म्हणणारे भेटतात. चालतं खरं, पण किट रात्रंदिवस जागं राहतं आणि गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. गाडीच्या मूळ वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, काही गाड्यांत पिवळी आणि लाल उलटसुलट असतात, तेव्हा रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावावा. आणि पिवळ्या रंगाबद्दल एक कडक सूचना : डॅशबोर्डाखाली किंवा स्टिअरिंगजवळ पिवळं कपलर, पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर ते काम एअरबॅगचं असतं. तिथे टेस्ट लॅम्प टेकवायचाही नाही.

किट स्टिरिओ आणि स्पीकर यांच्या मधोमध बसतं. फोन आला की ते गाणं तोडतं आणि स्पीकर फोनला देतं, फोन ठेवला की गाणं परत. ही अदलाबदल नीट होण्यासाठी स्पीकरच्या जोड्या नीट लावाव्या लागतात : पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी आणि जांभळी मागच्या, आणि प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदार. फोनचा आवाज ड्रायव्हरजवळच्या पुढच्या स्पीकरमधून आला तर उत्तम.

अर्थ घेताना धातूवरचा रंग खरवडून मगच स्क्रू आवळायचा. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ असा आवाज चढत जात असेल, तर बहुधा दोष किटचा नसतो, कच्च्या अर्थचा असतो. फ्यूज हवाच. जोड पिळून वर काळी टेप गुंडाळायची पद्धत सरसकट आहे. दोन उन्हाळ्यांत त्या टेपचा डिंक पाघळतो आणि उघडी तार कुठेतरी टेकते. जोड झाळून त्यावर आकसणारी नळी चढवावी, तेवढ्यासाठी जादा मजुरी द्यावी. वायर स्टिअरिंगच्या दांड्यात किंवा पेडलांवर लोंबता कामा नये. काचेच्या कडेच्या खांबातून माइकची वायर नेताना त्या खांबात एअरबॅग आहे का ते पाहावं. असेल तर वायर तिच्या मागून जायला हवी, पुढून आडवी नाही. ट्रकवाल्यांसाठी एवढंच की बहुतेक मोठ्या ट्रकांची वीज चोवीस व्होल्टची असते. बारा व्होल्टचं किट सरळ जोडलं तर ते पहिल्याच दिवशी जळतं.

लोक किटच्या कंपनीवर पैसे घालतात आणि माइक कुठेही चिकटवतात. खरं तर सगळी मदार माइकवर असते. तो एसीच्या झोताजवळ लावला तर पलीकडच्याला वादळ ऐकू येतं. खिडकीजवळ लावला तर ट्रकचे हॉर्न. स्पीकरजवळ लावला तर पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, कारण स्पीकरमधून निघालेलं त्याचं बोलणं माइक पुन्हा पकडतो. किटमधली चिप हा प्रतिध्वनी वजा करण्याची खटपट करते, पण तिलाही मर्यादा आहे. वरच्या बाजूला, आरशापाशी किंवा ड्रायव्हरच्या वायजरजवळ, तोंडाच्या दिशेने केलेला माइक सगळ्यात चांगला. हे जमलं नाही की ‘आं? काय म्हणालास?’ सुरू होतं, ड्रायव्हर पुढे झुकून ओरडायला लागतो, आणि कधीतरी वैतागून फोन हातातच घेतो. किट असून नसल्यासारखं.

कायदा हातातल्या फोनबद्दल स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन वापरणं थेट ‘धोकादायक चालवणं’ ठरलं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता दाखवण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. किट बसवलं की पावती टळते. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो.

पण धोका पावतीबरोबर टळत नाही, आणि किट विकणारा हे सांगत नाही. कॅनडात टोरांटोमध्ये अपघात झालेल्या ६९९ मोबाईलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी तपासल्या; तो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट दिसला, आणि हँड्सफ्री वापरणारे त्यातून सुटले नाहीत. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये २००५ च्या अभ्यासात अपघातानंतर इस्पितळात आलेल्या ४५६ चालकांबाबतही उत्तर तेच निघालं. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी कारण शोधलं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्या चालकांचे डोळे कुठे वळतात ते यंत्राने टिपलं; रस्त्याकडेच्या ज्या फलकांवर नजर गेली होती, तेसुद्धा नंतर त्यांना नीट आठवेनात. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूने घेतलं नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्याचं तसं नसतं. पुढे गर्दी दिसली की तो आपोआप गप्प होतो, वेळप्रसंगी ‘अरे, बैल बैल!’ म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला बैल दिसत नाही.

आणि आपल्याकडे बैल असतोच. उसाच्या दिवसांत वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या, मागचा दिवा नसलेली ट्रॉली, पांढरा पट्टा पुसला गेलेला गतिरोधक. महाशिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाच्या वाटेवर चालणारे भाविक. आषाढीआधी शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढा या वाटेने जाते, तेव्हा रस्ता वारकऱ्यांचाच असतो. अकोला-नांदेड महामार्ग, क्रमांक १६१, रुंद झाला तशी गाड्यांची गती वाढली. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ‘भाव काय निघाला?’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांत पाच सेकंद गेले, तर शंभर मीटरहून जास्त रस्ता मागे पडलेला असतो, आणि त्यातला कितीसा खरोखर पाहिला याचा भरवसा नाही.

मग किट बसवू नये का? बसवावं. कान-खांद्यात फोन दाबून वळण घेण्यापेक्षा ते बरं. फक्त त्याचा उपयोग एका वाक्यापुरता करावा : ‘गाडीवर आहे, थांबून लावतो.’ सौदा, भांडण, मुलाचा निकाल, सोयरिकीची बोलणी, हे सगळं पुढच्या पेट्रोलपंपावर किंवा एखाद्या फाट्यावर चहाच्या टपरीशी गाडी लावून. माइक नीट बसलेला असेल तर ते एक वाक्य पहिल्याच झटक्यात पोचतं.

एक विनंती गाडीत नसलेल्यांनाही. आपल्याकडे फोन लागला की पहिला प्रश्न ‘कुठं आहेस?’ हाच असतो. उत्तर ‘गाडी चालवतोय’ असं आलं, तर पुढचं काही न बोलता तुम्हीच फोन ठेवा.