दाढ नव्हे, जबड्याचा सांधा दुखतो

ठाण्याहून खाडीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातले कशेळी गाव लागते. भातशेती आणि खाडीची मासळी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात आता गोदामे उभी राहिली आहेत. एक भाऊ शेतावर तर दुसरा गोदामात माल उचलायला, अशी घरे येथे आहेत. काम कोणतेही असो, ओझे उचलताना माणूस दात आवळतो. रात्री काळजीने झोपेतही दात आवळतो. मग कधी तरी तोंड उघडताना कानापाशी ‘कट्ट’ असा आवाज येऊ लागतो, सकाळी गाल जड वाटतात आणि भाकरी चावताना कानाच्या पुढे कळ येते.

एवढ्यासाठी कोण दवाखान्यात जाणार? कान दुखतो म्हणून कानात तेल सोडतात, दाढ किडली असेल म्हणून लवंग धरतात. त्याने भागले नाही की एखादी धडधाकट दाढ उपटली जाते. दाढ जाते, पैसे जातात, दुखणे मात्र तिथेच राहते. कारण दोष दाढेचा नसून जबड्याच्या सांध्याचा असतो.

सांधा कोठे असतो?

दोन्ही कानांच्या पुढे बोटे टेकवून तोंड उघडा आणि मिटा. बोटांखाली जे हलते तेच हे सांधे. दाराच्या बिजागरीसारखे ते फिरतात आणि तोंड मोठे उघडताना पुढेही सरकतात. दोन हाडांच्या मध्ये कुर्चेची लहानशी चकती असते. ती जागची हलली की ‘कट्ट’ असा आवाज होतो. सांधा कानाला लागूनच असल्यामुळे त्याचे दुखणे कानाचे वाटते.

नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. अनेकांना असा आवाज येतो व त्याला औषध लागत नाही. परंतु चावताना दुखणे, कानशिले ठणकणे, तोंड एका बाजूला वळून उघडणे किंवा मध्येच अडकणे ही सांधा आणि त्याभोवतीचे स्नायू दुखावल्याची लक्षणे आहेत. ही तक्रार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते.

घरी काय करावे?

बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेविना, काही आठवड्यांत वा महिन्यांत कमी होते. मुरगळलेल्या पायाला जशी विश्रांती लागते, तशी जबड्यालाही लागते.

१. पंधरा दिवस मऊ भात, पेज, खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी असे अन्न घ्यावे. घास लहान ठेवावा. ऊस दाताने सोलू नये. चिक्की, फुटाणे, सुपारी बंद ठेवावी.

२. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके दुखऱ्या बाजूला १५ ते २० मिनिटे, दिवसातून दोनदा ठेवावे.

३. काम करताना ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवावेत. वरचे व खालचे दात फक्त चावताना भेटावेत.

४. जांभई येताच हनुवटीखाली हात धरावा, म्हणजे तोंड मर्यादेबाहेर उघडणार नाही.

५. कानात तेल सोडू नये. कोणाकडून जबड्याला हिसका देऊन घेऊ नये.

एवढ्याने उतार पडला नाही तर दंतवैद्याला दाखवावे. रात्री दात आवळण्याची खोड असेल तर ते दातांवर बसणारी पट्टी बनवून देतात. दाढ काढायचा सल्ला मिळाला, तर दाढेत कीड किंवा पू खरोखर आहे काय, हे आधी विचारावे.

जबडा निखळला तर

मोठी जांभई देताना कधी तोंड उघडे राहते आणि मिटतच नाही. अशा वेळी हनुवटीला रुमालाचा आधार देऊन लगेच दवाखाना गाठावा. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे दाबून हाड जागी बसवतात. हे ज्ञान आपल्याकडे जुनेच आहे. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या हनुवटीच्या सांध्याला शेकणे, तो जागी बसवणे व वर पट्टी बांधणे असा उपचार सांगितला आहे. मात्र हे जाणकाराचे काम आहे, घरच्या माणसांनी खटपट करू नये.

तोंड उघडत नाही, पण सांधा निर्दोष!

इथे चूक झाली तर ती महागात पडते. विळा, खिळा लागल्यावर किंवा जखमेत माती-शेण गेल्यावर काही दिवसांनी जबडा आवळू लागला, मान ताठ झाली, गिळता येईना, तर तो धनुर्वात असू शकतो. क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. गाल सुजून ताप आला असेल तर दाढेत पू झालेला असू शकतो. चालताना जबड्यात कळ, छातीत दडपण आणि घाम असेल तर हृदयविकाराची शंका घ्यावी.

चौथे कारण हळूहळू येते. ते म्हणजे सुपारी. तिखट खाताना आग होते, गालाची आतली कातडी पांढुरकी व ताठ होते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या रोगाचे वर्णन केले. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, परंतु तंबाखूविना साधी सुपारीही हा रोग करते. सुपारी सोडली की रोगाची वाढ रोखता येते, पण गेलेली उघड पुरती परत येईलच असे नाही. म्हणून लवकर सोडणे हाच खरा उपाय.

तीन बोटांची परीक्षा

आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तिन्ही मावली तर तोंड चांगले उघडते असे समजावे. दोनच मावत असतील तर दाखवावे. कशेळीकरांना भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. पुढील उपचारासाठी मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे.

आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातल्या लहानथोरांनी ही परीक्षा करून पाहावी. ज्याच्या खिशात सुपारीची पुडी असेल, त्याची परीक्षा सर्वांत आधी घ्यावी.