सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘सेफ्टी’ हा खेळाडू बचावफळीत सर्वांत मागे उभा असतो. तो चुकला तर सावरायला मागे कोणीच नाही; म्हणून चेंडू सुटण्याआधीच फेकणाऱ्याची नजर ओळखावी लागते. पॉल क्राउझ यात निष्णात. महाविद्यालयात खांदा दुखावला आणि त्यांचे बेसबॉलचे स्वप्न संपले. पुढे १९६४ ते १९७९ या काळात वॉशिंग्टन व नंतर मिनेसोटाकडून खेळताना त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचे ८१ पास मध्येच झेलले, पैकी १२ पहिल्याच मोसमात! हा विक्रम अजूनही अबाधित आहे. तरी ‘समोरच्याला धडक देऊन पाडत नाहीत’ अशी टीका त्यांच्यावर झालीच. आम्हाला ती पटत नाही. चेंडूच हाती आला, तर पाडायचे कोणाला? ‘हॉल ऑफ फेम’चा सन्मान मात्र १९९८ साली, निवृत्तीनंतर तब्बल १९ वर्षांनी मिळाला.