एका छपराखाली

आफ्रिका म्हटली की घनदाट अरण्ये आणि गर्जना करणारे सिंह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु त्या खंडाच्या नैर्ऋत्येस असलेल्या नामिबिया देशात एखाद्या शेतावर दिवसभर निवांत बसले, तर निराळीच आफ्रिका दृष्टीस पडते. तेथे पाऊस अत्यल्प. त्यामुळे तेथील शेत म्हणजे बहुधा तारेच्या कुंपणाने वेढलेले, हजारो हेक्टरांचे कुरण असते.

अशा कुरणात मधूनमधून कॅमलथॉर्न नावाचे वृक्ष आढळतात. हा वृक्ष आपल्या बाभळीचा भाऊबंद. त्याच्या फांद्यांवर कोणी गवताची गंजी रचून ठेवली असावी, असे दुरून वाटते. जवळ जावे तो त्या गंजीतून किलबिल ऐकू येते! ते असते समूहप्रिय विणकर पक्ष्यांचे घरटे. हे पक्षी चिमणीएवढे असून आपली सुगरणही त्यांच्याच कुळातील आहे. मात्र सुगरणीचा प्रत्येक खोपा वेगळा असतो. येथे एकाच छपराखाली शंभराहूनही अधिक खोल्या असू शकतात.

आपल्याकडे आषाढसरी कोसळत असतात, तेव्हा तिकडे हिवाळा असतो. रात्री कडाक्याची थंडी पडते. तरीही आतल्या खोल्या उबदार राहतात. कारण गवताचा जाड थर आतील ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि पक्षीही अंगाला अंग भिडवून झोपतात. उन्हाळ्यात तेच गवत उन्हाचा ताप अडवते.

सूर्य वर येताच पक्षी थव्याने जमिनीवर उतरतात व किडे आणि बिया टिपतात. खाद्यातूनच त्यांना बहुतेक पाणी मिळते. इतर प्राण्यांचे मात्र तसे नसते. पवनचक्कीने किंवा सौरपंपाने गुरांसाठी उपसलेल्या पाण्याच्या हौदावर स्प्रिंगबॉक हरणे आणि रानडुकरेही येतात. हरणे गुरांचे गवत खातात, म्हणून पूर्वी पुष्कळ शेतमालक त्यांना उपद्रवी समजत. १९६७ साली तेथील कायद्याने मालकांना काही वन्य प्राण्यांवर हक्क दिला. शिकार, मांस व पर्यटन यांतून उत्पन्न मिळू लागल्यावर ते या प्राण्यांना राखू लागले.

दुपारीही घरट्याची डागडुजी चालूच असते. छपरात काड्या खोचून ते शाकारण्याचे काम मुख्यतः नर करतात. खोल्यांची दारे खालच्या बाजूस असतात आणि दाराशी टोकदार काड्या बसवलेल्या असतात. तरीही नाग झाडावर चढून अंडी व पिले गिळतो. खुजा ससाणा तर घरट्यातलीच एखादी खोली बळकावून राहतो! कधी घरट्याच्या ओझ्याने फांदीच मोडून पडते. मग पक्षी पुन्हा काड्या गोळा करू लागतात. अशा चिकाटीमुळेच काही घरटी शंभर वर्षांहूनही अधिक काळ टिकली आहेत.

सायंकाळी कुरणावर सावल्या लांबतात. थवे परततात आणि हळूहळू किलबिल शांत होते. मुलांनो, त्या छपरातील पहिली काडी खोचणारा पक्षी केव्हाच नाहीसा झालेला असतो. पण त्याचे वंशज आजही तेथे ऊब घेत असतात. एकत्र राहायचे, तर सर्वांचे छप्पर रोज थोडे थोडे शाकारावे लागते.